बगळा कायले उभा?

पुंडलिकभाऊंनी काल पानठेल्यावर चारचौघांत माझा हायकू मोठ्यानं वाचला. सातबारा वाचतात तसा, चष्मा कपाळावर चढवून. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

गुन्हा एवढाच, की आयुष्यात पहिल्यांदा हायकू लिहिला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, त्यात ऋतूची एक खूण. माझी खूण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बोटांवर मोजण्यात दोन रात्री गेल्या.

पऱ्हाटी फुटे
बांधावर एकटा
उभा बगळा

"अर्धंच आलं ना बे हे! नेट गेलतं काय तुयं?"

"पूर्ण आहे भाऊ. जपानी प्रकार आहे."

"मंग बगळा कायले उभा आहे तिथं?"

"उभा आहे, बस."

"बगळा बिनकामाचा उभा रायते काय? वखराच्या मागं किडे खाले येते थो. आन् पऱ्हाटी फुटल्यावर वखर कोन हाकलते? मंग त्याले वेचाले लाव. तसेही मजूर भेटून नाही रायले."

ठेलेवाल्याच्या हातून हसताना चुना सांडला. माझ्याच पानावर.

मी जपानी हायकूकार बाशोच्या मागे लपलो. म्हटलं, जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. 1686 सालची कविता, जग अजून डोलतंय. भाऊ शांतपणे म्हणाले, "आमच्या विहिरीत रोजच उडते. आमी कोनाले सांगत नाही."

हा बाशो नशिबाचा माणूस. बाशो म्हणजे केळ. शिष्यानं झोपडीपाशी केळ लावून दिली आणि गुरुजींना तेच नाव चिकटलं. माझ्या घरामागे उकिरडा आहे. जाऊ द्या.

कवयित्री शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, त्यालाही आता काही दशकं झाली. आमच्या ग्रुपवर मात्र पहाटे पाचला गुलाबाचं फूल येतं, खाली न वाचवणारा सुविचार, आणि साठ जण हात जोडतात. तो कधी कोणाला अर्धा वाटत नाही. माझ्या हायकूखाली 'एकटा' शब्द वाचून कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. पाठोपाठ अकरा जणांनी टाकली. बाराव्यानं विचारलं, "माती किती वाजता?" यातले दोघं माझ्या वर्गात होते हो! मराठीला मला त्यांच्यापेक्षा जास्त मार्क पडत.

निघताना पुंडलिकभाऊ म्हणाले, "लिहाचंच असन तं कापसाच्या भावाचं लिही ना बाप्पा."

घरी येऊन तेही करून पाहिलं. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. आठ हजार एकशे दहा. मोजली, दहा अक्षरं. कोणत्याच ओळीत मावेना.

गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी म्हणतो, सात हजार.

बरोब्बर पाच.