गांडुळांचा राजीनामा

पोरीचा प्रकल्प होता अन्नसाखळीचा. "पप्पा, आपल्या घरात तुम्ही कोण?"

"उत्पादक," मी छातीठोक. पगार कोण आणतं?

"उत्पादक म्हणजे उन्हात उभं राहून स्वतःचं अन्न स्वतः तयार करणारा. तुम्हाला चहाची भुकटी सापडत नाही. तुम्ही सर्वोच्च भक्षक." वर तिने लिंडमन या शास्त्रज्ञाचा १९४२चा नियम सुनावला. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते. कडब्याची बोकडात, बोकडाची माझ्यात.

"मग पोट एवढं कशानं?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

घरात विघटक, म्हणजे मेलेलं-उरलेलं कुजवणारे, नाहीत एवढीच उणीव निघाली. म्हणून ऐन एप्रिलात, परभणीच्या त्रेचाळीस अंशांत, मी गॅलरीत खताचा ड्रम मांडला आणि किलोभर गांडुळं विकत आणली. कांद्याची सालं, कलिंगडाच्या फोडी, उरलेलं वरण, सगळं आत. (वरण घालू नये. आता माहीत आहे.)

आठव्या दिवशी वास सुटला. शेजारच्या काकूंनी आधी आपल्या घरात मेलेला उंदीर शोधला, मग आमची बेल वाजवली. त्याच रात्री गांडुळांनी सामुदायिक राजीनामा दिला. अंधारात, अनवाणी, मी त्यांच्या मोर्च्यात पाय दिला. गार बाथरूमच्या दिशेने निघाली होती बिचारी. पस्तिशीच्या वर पारा गेला की ती टिकत नाहीत म्हणे.

"तशीही ती खरी विघटक नव्हेतच," पोरगी म्हणाली. "ती कुजकं खातात. कुजवण्याचं खरं काम जिवाणू आणि बुरशीचं."

म्हणजे काम फुकट राबणाऱ्यांचं आणि पैसे पळपुट्यांना. आमच्या ऑफिसात याहून वेगळं नाही.

गावाकडून आई आली. "कामून रं, गांडुळाला बी पैसे देतेत व्हय? उकिरड्याला कुणी पगार दिलता का कधी?" तिने ड्रममध्ये हात घातला. "निस्तं वलं हाय की. वारं कुठून जाईल?" पोरीच्या पुस्तकात तेच होतं, फक्त 'कार्बन तीस, नत्र एक' अशा भाषेत (कार्बन सुक्या कचऱ्यातून, नत्र ओल्यातून). आईने पिशवीभर सोयाबीनचं भुसकट ओतलं, काठीने ढवळलं, वर मूठभर उकिरड्यातली माती टाकली. चार दिवसांत वास गेला, काकू बोलायला लागल्या.

तक्ता तयार झाला. गवत, बोकड, मी, काकूंचा उंदीर, सगळ्यांकडून विघटकांकडे ठसठशीत बाण. माझा तेवढा टिंबाटिंबांचा.

"असा का गं?"

"पप्पा, तुमचं अजून व्हायचंय."