मोफत आहे, पण परवडतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

हात आखडता असताना मुलांना घेऊन कुठे जाता येईल, काय करता येईल, यावर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की वाचनालय, बाग, संग्रहालय ही यादी ज्यांना सुट्टी सुट्टीसारखी मिळते त्यांच्यासाठी आहे. चौघांचं जाणं-येणं हाच मोठा खर्च होतो. वाचनालयात अनामत मागतात, पत्त्याचा पुरावा मागतात. आणि ‘गरजूंसाठी मोफत’ असं लिहिलेल्या रांगेत मुलांना उभं करायचं म्हणजे घरची परिस्थिती चारचौघांत उघडी करायची. शेवटी तुम्ही लिहिलंय, “दात कोरून पोट भरत नाही. भाडं आणि फी भरून हातात काही उरत नाही, त्याला बाग हे उत्तर नाही.”

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बागेत जाऊन भाडं भरलं जात नाही, हे खरंच आहे. अपुरा पगार आणि महाग घर यांची उत्तरं पगारात आणि घरांच्या धोरणातच शोधावी लागतील, आणि ती मागत राहायला हवीत. पण ती मिळेपर्यंत मुलांचं वय थांबत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला-संस्कृतीत सहभाग हा मुलांचा हक्क मानला आहे, आणि त्यासाठी सर्वांना समान संधी मिळावी असंही म्हटलंय. सगळी बिलं भागल्यावर काही उरलं तर मुलांनी खेळावं, असं त्यात कुठेही नाही. मी लिहिते ते याच भूमिकेतून.

आता अंतराचं बघू. तुमच्या सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. मोफत संग्रहालयाला जायला दोन गाड्या बदलाव्या लागत असतील तर ते तुमच्यासाठी मोफत नाहीच. म्हणून माझा आग्रह एकच आहे. ज्या घरात पैसा मोजून वापरावा लागतो त्या घराने आधी पायी जाता येईल तेवढाच परिसर बघावा, आणि त्यातल्या दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा वापराव्यात. वर्षातून एकदा होणारी लांबची सहल चांगलीच, पण मुलांचा रोजचा वेळ भरून निघतो तो घराजवळच्या ओळखीच्या जागेत. तिथला पहारेकरी मुलाला नावाने ओळखतो, कुठल्या झाडाखाली मुंग्यांची रांग असते ते मुलाला ठाऊक असतं, आणि कालचा अर्धवट राहिलेला खेळ आज पुढे सुरू करता येतो.

हे घडवून आणता येतं, याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण ॲम्स्टरडॅमचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरात मुलांना खेळायला जागा नव्हती. आल्डो व्हान आइक हा तरुण वास्तुविशारद तेव्हा नगरपालिकेत कामाला होता. त्याने १९४७पासून रस्त्यांच्या कडेचे तुकडे, पडीक भूखंड, दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागा घेऊन तिथे छोटी क्रीडांगणं करायला सुरुवात केली. वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, बसायला बाक. बस, एवढंच. १९७८पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणं झाली. आणि यातली कितीतरी रहिवाशांनीच मागून घेतली होती. एका गल्लीत झालेलं बघून शेजारच्या वस्तीतले लोक नगरपालिकेला पत्र लिहायचे, आमच्याकडेही अमुक ठिकाणी जागा पडून आहे म्हणून. भव्य उद्यान शहराच्या एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, अशा वेळी ही छोटी, हाकेच्या अंतरावरची जागा खूप मोलाची ठरते.

तुमच्या आसपास अशी जागा नसेल तर? तरीही बघण्यासारखं बरंच असतं, फक्त ते ‘मुलांसाठी’ म्हणून मांडलेलं नसतं. रेल्वेवरचा पादचारी पूल. गवंडीकाम चालू असलेली इमारत, अर्थात कुंपणाच्या बाहेरून. रोपवाटिका. सायकल दुरुस्तीचं दुकान. अग्निशमन केंद्र, आधी विचारून गेलं तर अनेक ठिकाणी मुलांना बंब दाखवतात. रस्ता खणणाऱ्या यंत्रासमोर पाच वर्षांच्या मुलाला उभं करून बघा. आधी ते नुसतं बघतं. मग यंत्राचा हात वळेल तशी त्याची मान वळते. थोड्या वेळाने प्रश्न सुरू होतात: माती कुठे नेतात, आतला पाइप कसला, चालकाला खालचं दिसतं कसं? तुम्हाला उत्तरं यायला हवीत असं नाही. “चल, त्या काकांना विचारू” एवढं म्हटलं तरी चालतं, आणि काम करणारी माणसं बहुधा आनंदाने सांगतात.

घरातल्या टाकाऊ वस्तूंचंही तसंच. डेन्मार्कमध्ये सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं, की मुलं त्याने आखलेल्या सुबक बागांपेक्षा बांधकामाच्या पडलेल्या सामानात जास्त रमतात. त्यातून १९४३मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रप इथे फळ्या, विटा, दोऱ्या आणि हत्यारं असलेलं क्रीडांगण उभं राहिलं. पुढे युरोपात त्या धर्तीवर अनेक झाली. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं, बाटल्यांची झाकणं यांतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या संकेतस्थळावर ती कशी करायची याचे व्हिडिओ आणि शेकडो पुस्तकं विनामूल्य आहेत, मराठीतसुद्धा. काडीच्या दोन टोकांना व्हॉल्व्ह नळीचे तुकडे बसवत गेलं की त्रिकोण आणि चौकोन तयार होतात. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण हटत नाही. पूल आणि छपरं यांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात ते मुलाला हाताने कळतं.

वेळेबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला पटतं, आणि या विषयावर लिहिणारे बरेच जण ते टाळतात असंही वाटतं. पैसा कमी असतो तिथे बहुतेक वेळा वेळही कमी असतो. दोघं कामाला, सुट्टीच्या दिवशी धुणं-भांडी, उरलेली झोप. तिथे ‘मुलांना दर्जेदार वेळ द्या’ हा सल्ला जखमेवर मीठ चोळणारा आहे. यावर मला उपयोगी दिसलेली गोष्ट म्हणजे शेजारपाजार. एकाच मजल्यावरच्या किंवा गल्लीतल्या तीन-चार घरांनी वार वाटून घ्यायचे. ज्याचा वार त्याने सगळी मुलं बागेत किंवा वाचनालयात न्यायची, बाकीच्यांनी त्या वेळात आपली कामं उरकायची किंवा सरळ पाठ टेकायची. यात भरवसा लागतो, म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात: मुलं किती वाजता परत येणार, कुणाला कसली ॲलर्जी आहे, रस्ता कोण ओलांडून देणार, आणि कुणीही कुणाच्या मुलाला काही विकत घेऊन द्यायचं नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. एका घराने एकदा औदार्य दाखवलं की दुसऱ्या घराला पुढच्या वेळी ते झेपत नाही, आणि मग ते घर काहीतरी सबब सांगून यायचं बंद होतं.

अनामत आणि कागदपत्रं. वाचनालयात बसून वाचणं आणि पुस्तक घरी नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी अनामत, वर्गणी आणि पुरावा लागतो तो पुस्तक घरी नेण्यासाठी; वाचनकक्ष खुला असतो. तेव्हा “सभासद कसं व्हायचं?” याऐवजी “इथे बसून वाचलं तर चालेल का?” असं आधी विचारा. भाड्याच्या घरामुळे पत्त्याचा पुरावा नसेल तर शाळेचं पत्र किंवा एखाद्या जुन्या सभासदाची हमी चालते का, हेही विचारून बघा. अनामत परत मिळते का, पावती मिळते का, हे आधीच पक्कं करून घ्या. काही शहरांत खेळण्यांचीही वाचनालयं असतात. लॉस एंजेलिसमध्ये १९३५ साली, महामंदीच्या काळात, मुलांना खेळणी उसनी देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो आजतागायत चालू आहे. तुमच्या भागात तसं काही नसेल तर शाळेच्या पालकसभेत हा विषय काढता येईल. खेळणी प्रत्येक घरात पडून असतात, आणि त्यांची वही ठेवायला एक जबाबदार माणूस पुरतो.

आता लाजेचा मुद्दा. ताई, तुम्ही तो एका ओळीत लिहिलात, पण मला वाटतं तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा तोच आहे.

‘सगळ्यांसाठी मोफत’ आणि ‘गरिबांसाठी मोफत’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या प्रकारात कुणी काही विचारत नाही आणि कुणाला काही सांगावंही लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावं, असं युनेस्कोच्या १९९४च्या ग्रंथालय जाहीरनाम्यात म्हटलंय, आणि सेवा सर्वांना सारख्याच मिळाव्यात असंही. बोगोटा शहरात १९७४पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करतात. आज हे रस्ते शंभर किलोमीटरहून अधिक भरतात. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालेली पार्करन ही शनिवारची पाच किलोमीटरची धाव आता अनेक देशांत होते, तिला प्रवेशशुल्क नसतं, आणि चालत पूर्ण केली तरी चालते. अशा ठिकाणी आलेला माणूस हौसेने आला की खिशाकडे बघून आला, हे कुणालाही ओळखता येत नाही. मुलांना घेऊन जायला मी पहिल्यांदा अशाच जागा निवडते आणि इतरांनाही सुचवते. शिवाय या जागा करातून चालतात, आणि दुकानात साबण विकत घेणारा प्रत्येक माणूस कर भरत असतो. तिथे तुम्ही कुणाचे उपकार घेत नाही आहात.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे फीमाफी, सवलतीचं शिबिर, गरजूंसाठी राखीव जागा यांत, लाज वाटते ती मागण्याच्या पद्धतीमुळे. एका शिबिराच्या दारात मी बघितलं आहे. नोंदणी करणाऱ्या बाईंनी मोठ्याने विचारलं, “सवलतीतले कोण कोण?” आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने आईचा हात मागे ओढला. आई काही न बोलता तिला घेऊन निघून गेली. यात त्या आईचं काय चुकलं? सवलत देणाऱ्यांनी नोंदणी एकाच यादीत करावी, पैशांचं बोलणं फोनवर आणि फक्त मोठ्यांशी करावं, हातात वेगळ्या रंगाचं कार्ड देऊ नये. हे वाचणाऱ्यांत शिबिरं घेणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. आणि पालकांनी आदल्या दिवशी फोन करून, मूल समोर नसताना, थेट विचारावं: “फी पूर्ण भरणं आम्हाला शक्य नाही, काही सोय आहे का?” नाही म्हणाले तर फोनवरच कळतं, मुलाला दारातून परत फिरावं लागत नाही.

टीव्हीबद्दल तुम्ही लिहिलंत. दमून आल्यावर तासभर टीव्ही लावून दिला तर काही बिघडत नाही. मी त्यावर कुणाला बोलणार नाही.

अगदीच घराबाहेर पडता येत नसेल तर आकाश आहे. मुलाला रोज चंद्र कागदावर काढायला सांगा, शेजारी वेळ लिहायला सांगा. आठवड्याभरात त्याच्या लक्षात येतं, की चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि कधी कधी दिवसाढवळ्याही दिसतो. कुणाकडे दुर्बीण उसनी मिळाली तर पौर्णिमेला बघू नका, अष्टमीच्या आसपास बघा. तेव्हा उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि खड्डे ठळक दिसतात. पौर्णिमेला ऊन सरळ पडत असल्याने सगळं सपाट वाटतं. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. त्याला उपकरण लागत नाही. अंधारी गच्ची हवी, आणि डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं फोन न बघता थांबायची तयारी हवी.

शेवटी तुमच्या वाचनालयाचं. तुम्ही लिहिलंय, की तुम्ही कामावरून परत येता तोवर ते बंद होतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र ग्रंथ वापरासाठी आहेत असं सांगतं. कामकरी माणसाला ज्या वेळी येता येतं त्याच वेळी दार बंद असेल तर ते पुस्तक वापरात कसं येणार? हे अर्जात लिहा. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी दोन तास जास्त उघडं ठेवा, एवढीच मागणी ठेवा. त्यासाठी हवं तर सकाळचे दोन तास कमी करा, असंही सुचवा, म्हणजे कर्मचारी नाहीत हे कारण पुढे येणार नाही. खाली पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या, मुलांची नावं आणि इयत्ता लिहा, आणि एक प्रत ग्रंथपालांना, एक त्यांच्या वरच्या कार्यालयाला देऊन पोच घ्या. मसुदा करायला मदत लागली तर इथेच लिहा, मी करून देईन.