इंट्रिन्सिक, इन्हेरंट, इनेट हे 'एकच' नाहीत हो

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांच्यात इंग्रजी शब्दांची एक यादी लई फिरतेय, इथं कोल्हापुरात तर अभ्यासिकेत प्रिंट काढून चिकटवलीय. त्यात लिहिलंय की इंट्रिन्सिक म्हणजे 'आतला', इन्हेरंट म्हणजे 'वारशानं आलेला', आणि इनेट धरून तिन्ही शब्द एकच, कुठला पण कुठं पण टाका. पोरं हे पाठ करायला लागलीत, म्हणून लिहितोय.

पहिलं 'आतला'. मूळ लॅटिन शब्द तसाच आहे, तेवढं बरोबर. पण आजच्या इंग्रजीत जो गुण त्या वस्तूचा स्वतःचा आहे, बाहेरनं जोडलेला नाही, तो इंट्रिन्सिक. आपली कोल्हापुरी चप्पल घ्या, बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं केलेली शिलाई, हे तिचे इंट्रिन्सिक गुण, आणि शिलाई तर वरनंच दिसते की! किंमत, दुकानाचं नाव, २०१९ ला मिळालेला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) हे एक्स्ट्रिन्सिक, म्हणजे बाहेरनं जोडलेले, मार्केटिंगवाले पण असंच धरतात. टॅग महत्त्वाचा आहेच, पण त्यानं कातडं बदलत नाही. आणि बारावी सायन्स केलेल्यांनी तरी यात फसू नये राव, डोपिंग (मुद्दाम दुसरे अणू मिसळणं) न केलेलं शुद्ध सिलिकॉन म्हणजे इंट्रिन्सिक सेमीकंडक्टर (अर्धवाहक), त्यात बोरॉन नाहीतर आर्सेनिक घातलं की तो एक्स्ट्रिन्सिक होतो, आता हे बोरॉनचे अणू स्फटिकाच्या आतच बसलेले असतात, मग 'आतला' हा अर्थ कुठं टिकला?

वारशाचं तर साफ चूक. इन्हेरिट आलं 'वारस' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरनं, इन्हेरंट आलं 'चिकटून असणं' या अर्थाच्या क्रियापदावरनं, अॅडहेसिव्ह आणि कोहेरंट त्याच घरातले. म्हणून शेअर बाजारातल्या जोखमीला इन्हेरंट म्हणतात, ती बाजाराला चिकटूनच असते, काय आजोबांकडनं येत नाही.

राहिलं तिन्ही एकच असण्याचं. किमतीच्या, मूल्याच्या बाबतीत इंट्रिन्सिक नि इन्हेरंट बऱ्याचदा एकमेकांच्या जागी चालतात, मान्य. पण इनेट म्हणजे जन्मजात, तो मुख्यतः माणसाला, प्राण्याला लागतो. इनेट इम्युनिटी जन्मापासून असते, लस घेऊन मिळते ती वेगळी. आणि जठरात तयार होणारं, बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारं जे प्रथिन आहे त्याचं नावच इंट्रिन्सिक फॅक्टर आहे, पेपरात तिथं इनेट फॅक्टर लिहिलंत तर मार्क जाणार.