पाय वर, सिगारेट खाली

सिगारेट सोडण्याचा निश्चय मी ह्यापूर्वी नऊ वेळा केला होता आणि त्यांपैकी एकही निश्चय चहाच्या दुसऱ्या कपापलीकडे टिकला नव्हता. दहाव्या वेळी मात्र मी पद्धतशीरपणे जायचे ठरवले. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने १८००-११२-३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक ठेवलेला आहे, एवढे मला ठाऊक होते. आकडे मात्र पाठ नव्हते, कारण ते सिगारेटच्या पाकिटावरच छापलेले असतात आणि निश्चयाच्या भरात घरातली यच्चयावत पाकिटे मी आदल्या रात्री घंटागाडीच्या बादलीत टाकून मोकळा झालो होतो. परिणामी, सिगारेट सोडल्याच्या पहिल्याच सकाळी साडेसात वाजता मी नेहमीच्या टपरीवर उभा राहून ‘जरा एक पाकीट दाखवता का, नुसते वाचायचे आहे’ अशी विनंती करत होतो.

टपरीवाल्याने एकवीस वर्षे जुन्या असलेल्या ह्या गिऱ्हाइकाकडे नव्या नजरेने पाहिले. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे ते भीषण चित्र २०१६ पासून रोज हाताळूनही मी कधी नीट न्याहाळले नव्हते, आणि आज मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते वाचत होतो. ‘पाकीट परवडत नसेल तर सुट्टी देऊ का?’ असे त्याने सहानुभूतीने विचारले. सुट्ट्या सिगारेटी विकण्यास महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणले, तेव्हा त्याने पाकीट माझ्या हातातून काढून घेतले. सुदैवाने तोवर शेवटचे तीन आकडे वाचून झाले होते.

फोनवरच्या समुपदेशक बाई अतिशय शांत होत्या. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात, चिडचिड होते, झोप बिघडते, पण एकेक तलफ ही काही मिनिटांचीच पाहुणी असते, असे त्यांनी समजावले. तलफ आली की लगेच तिच्या आहारी जायचे नाही. पाच मिनिटे थांबायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, घोट घोट पाणी प्यायचे आणि मन दुसरीकडे वळवायचे. ‘आणि मुख्य म्हणजे, ज्या जागी बसून तुम्ही सिगारेट ओढता त्या जागेवरून उठा,’ असे त्या म्हणाल्या. हे शेवटचे वाक्य मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढल्या अनर्थाचे मूळ त्या दोन रेघांत आहे.

पहिले तीन दिवस मी उठत होतो. तलफ आली की उठायचे, ह्या हिशेबाने दिवसातून वीस-बावीस वेळा उठून मी घरातली सर्व कामे संपवली. बंद पडलेली घड्याळे चालू केली, चालू असलेली उगाच पुसली, आणि तुळशीला इतक्या वेळा पाणी घातले की ‘अहो, तिला तरी जगू द्या,’ असे बायकोला म्हणावे लागले. चौथ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, घरात करण्यासारखे काहीच उरले नसताना एक जबरदस्त तलफ आली आणि मी उठून थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. तेथे मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती आणि त्यांना एक भिडू कमी पडत होता.

धूम्रपान थांबवल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात उतरतो, हे मी वाचले होते आणि चार दिवसांत आपल्या फुप्फुसांत सळसळते तारुण्य परत आल्याची माझी खात्री झाली होती. फुप्फुसांचे एक वेळ ठीक, पण ही बातमी घोट्यांपर्यंत पोहोचलेली नाही, हे लक्षात यायला हवे होते. उंच उडालेल्या चेंडूवर नजर लावून मी उलट्या पावलांनी धावत गेलो, फरशीच्या उचकटलेल्या ठोकळ्यावर माझा उजवा पाय आतल्या बाजूला वळला, ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी स्कूटरींच्या रांगेत बसलो. ‘काका, सोपा कॅच होता,’ असे एक आठ वर्षांचा गोलंदाज म्हणाला. माझी विचारपूस त्यानंतर झाली.

अर्ध्या तासात घोटा टम्म सुजून पुरीसारखा झाला. डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा दाबून पाहिल्या, पावलाच्या दोन ठिकाणी बोट रुतवले आणि मला चार पावले चालायला सांगितले. मी लंगडत, भिंतीकडे आशेने पाहत, चार पावले टाकली. ‘एक्स-रेची गरज नाही,’ असे ते म्हणाले, तेव्हा बायको आणि सोबत आलेले सोसायटीचे सचिव ह्यांचे चेहरे पडले. एक्स-रे न काढणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे कोण विश्वास ठेवणार? त्यावर डॉक्टरांनी सांगितले की, कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये ह्याचे नियमच घालून दिलेले आहेत. त्या ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस लंगडत का होईना चार पावले टाकत असेल, तर हाड मोडले असण्याची शक्यता फारच थोडी असते. माझ्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जाऊन थोडेसे फाटले होते. पाय मुरगळणाऱ्या बहुतेकांचे तेच दुखावते.

मग उपचार. मुरगळलेल्या पायाच्या उपचारांची नावे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडतात आणि ती दर काही वर्षांनी बदलतात, ही माहिती मला नवीन होती. १९७८ मध्ये गेब मर्किन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ह्यांचे मिळून ‘राइस’ केले, आणि सगळे जग पुढली तीसेक वर्षे तो भात खात राहिले. २०१२ मध्ये ‘पोलीस’ आले, कारण नुसती विश्रांती नको, दुखावलेल्या भागावर बेताबेताने भारही द्यायला हवा, असे ठरले. २०१४ मध्ये खुद्द मर्किन ह्यांनीच, बर्फामुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो, असे सांगून आपल्या भातात खडा टाकला. २०१९ पासून ‘पीस अँड लव्ह’ म्हणजे शांतता आणि प्रेम आहे. आधी भात, मग पोलीस, मग प्रेम, हा क्रम पाहून मला सोसायटीच्या गणेशोत्सवाची आठवण झाली, पण डॉक्टर घाईत होते. सुजेवर वेदना कमी होण्यापुरता बर्फ लावा, तोही कापडात गुंडाळून आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच. क्रेप बँडेज बांधा. पाय छातीपेक्षा उंच ठेवा. आणि पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, मालिश आणि दारू ह्यांपासून लांब राहा, कारण त्यांनी सूज वाढते. ‘आणि उगाच उठू नका,’ असे त्यांनी शेवटी बजावले.

येथे माझे दोन्ही सल्लागार समोरासमोर आले. एकीचे म्हणणे, तलफ आली की उठा. दुसऱ्याचे म्हणणे, काहीही आले तरी उठू नका. तीन उशांवर पाय, पायावर गोठलेल्या मटारांचे पाकीट, आणि मनात तलफ, अशा अवस्थेत मी ज्या सोफ्यावर पडलो होतो त्याच सोफ्यावर बसून मी गेली अकरा वर्षे, बायको माहेरी असताना, सिगारेट ओढत आलो होतो. मटारांची चार दिवसांत इतक्या वेळा ये-जा झाली की अखेर त्यांची उसळ झाली. ती मी खाल्ली नाही.

पाय मोडलेल्या माणसाला भेटायला लोक येतात, सिगारेट सोडलेल्या माणसाला बघायला येतात, आणि माझ्याकडे दोन्ही सोयी एकाच तिकिटात होत्या. सचिवांनी मालिशवाला आणण्याची तयारी दाखवली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हळद, गूळ आणि चुना ह्यांचा कढत लेप आणला. तो कढत असल्यामुळेच चालणार नाही, हे मी सांगितले, तेव्हा ‘मग गार करून लाव’ असे म्हणून त्या वाटी ठेवून गेल्या. कऱ्हाडच्या आत्याने फोनवरून पायाळू माणूस शोधण्याचा आदेश दिला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात अशा माणसाचा पाय लागला की दुखणे उतरते, ही आत्याची श्रद्धा आहे, आणि आमच्या शेजारच्या इमारतीत तसे एक गृहस्थ राहतात, हे तिने कऱ्हाडात बसून शोधून काढले. ते गृहस्थ संकोचत आले, सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, ‘मी फक्त पाठीतल्या उसणेचे बघतो. घोटा आपल्यात येत नाही.’ सर्व वैद्यकात आपल्या अधिकाराची मर्यादा इतक्या स्वच्छपणे सांगणारा माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही.

आलेल्या प्रत्येकाबरोबर चहा होत होता, आणि तेथेच एक भानगड माझ्या उशिरा लक्षात आली. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफीन लवकर निकालात काढत असते. धूर थांबला की ते आपल्या मूळ संथ गतीवर येते आणि तेवढाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. सात पाहुण्यांचे सात कप पिऊन मी रात्री अडीच वाजता छताकडे पाहत पडलो होतो, हृदय धडधडत होते, आणि ही सगळी तलफच आहे अशा समजुतीने मी निकोटीनचे गम चघळत होतो. तेही चुकीचेच चघळत होतो. दोन मिलिग्रॅमची ती गोळी मी च्युइंगमसारखी दणादण चावली, तेव्हा जी उचकी लागली ती फाटकावरच्या वॉचमनने ऐकली. खरी रीत अशी, की ती सावकाश चावायची, जिभेला चुरचुर लागली की गाल आणि हिरडी ह्यांच्यामध्ये सरकवून गप्प बसायचे, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचे. माझ्या आजोबांनी मळलेल्या तंबाखूचा बार आयुष्यभर ह्याच जागी धरला. त्यांना गमच्या पाकिटातले पत्रक वाचावे लागले नसते. शिवाय गमच्या आधी पंधरा मिनिटे चहा चालत नाही, कारण तोंड आंबट झाले की निकोटीन नीट शोषले जात नाही. म्हणजे पाहुणा आला की चहा, आणि चहा झाला की गम नाही, आणि गम नाही तर तलफ, आणि तलफ आली की उठायचे नाही.

बायकोच्या हाती मात्र ह्या दुहेरी आजाराने आयते शस्त्र दिले. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, दुखावलेल्या भागाला प्राणवायू कमी मिळतो आणि जखम भरायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी तिच्यादेखत सांगितले होते. त्यानंतर मी खिडकीकडे नुसते पाहिले तरी ती घोट्याकडे पाहत असे. ‘मग गममध्ये निकोटीन नसते का?’ असे मी विचारले. त्यावर, ते थोडे आणि हळूहळू मिळते आणि त्याच्यासोबत धूर नसतो, हेही तिने डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवले होते. सिगारेट सोडल्यावर काही दिवस वाढणारा खोकला मला ह्याच काळात झाला. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते म्हणे. पण त्यांनी काम सुरू करायला पाय तीन उशांवर असतानाचाच मुहूर्त साधला, आणि प्रत्येक ढासेसरशी घोट्यातून कळ गेली.

पाचव्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ही कोंडी फोडली. पाय उशीवरच ठेवून अंगठ्याने हवेत एबीसीडी काढायची, असा व्यायाम तिने दिला. मी मराठी माणूस असल्यामुळे अ, आ, इ, ई पासून सुरुवात केली आणि देवनागरी ही घोट्यासाठी इंग्रजीपेक्षा किती कठोर लिपी आहे, हे मला प्रथमच कळले. ‘ट’ आणि ‘ठ’ सुखाने निघतात; ‘क्ष’ काढताना डोळ्यांत पाणी येते; आणि प्रत्येक अक्षरावर शिरोरेघ द्यायची म्हणजे दुखऱ्या बाजूला पाय आडवा न्यावाच लागतो. अ पासून ज्ञ पर्यंत मला साधारण साडेचार मिनिटे लागत. पाचांतली साडेचार गेल्यावर उरलेल्या अर्ध्या मिनिटात न जमलेले एखादे अक्षर पुन्हा काढता येई. जागेवरून न उठता उठल्यासारखे करण्याची ही युक्ती समुपदेशक बाईंना फोन करून सांगितली, तेव्हा त्या प्रथमच हसल्या.

काल संध्याकाळी तळमजल्यावरचे काका आले. छत्तीस वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकवले आहे. त्यांच्या चहाच्या वासाबरोबर मला तलफ आली, म्हणून मी बोलणे थांबवून अंगठा वर केला. काका चष्मा सरसावून, बशी हातात धरून, शेवटपर्यंत एक शब्द न बोलता पाहत राहिले.

‘बाकी ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘पण “ळ”ची गाठ उलटी गेली. पुन्हा गिरव.’