ग्राहक मास्कमुळे गेला नव्हता

कोविडचा काळ मागे पडला, तरी एक दावा अजून फिरतोच आहे. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: मास्कची सक्ती झाली आणि लोकांनी दुकानांकडे पाठ फिरवली, हॉटेलं ओस पडली, उरलीसुरली खरेदी ऑनलाइन गेली. धंदा साथीने बुडवला नाही, मास्कने बुडवला. याला दोन पुरवण्या जोडलेल्या असतात. एक, व्यापारी या नियमाच्या विरोधात होते. दोन, अर्धा चेहरा झाकल्यावर खरेदीत आणि बाहेर जेवण्यात काही रामच उरत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटलं होतं. मास्कचे महिने आणि रिकाम्या दुकानांचे महिने आपल्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि दावा त्या आठवणीवरच उभा आहे. म्हणून आधी तारखा काढून बघितल्या.

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथे राज्याराज्यात नियम वेगळे होते आणि त्यामुळे तुलना करता येते. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने सर्वसामान्य लोकांना कापडी मास्क वापरायला सांगितलं ते ३ एप्रिल २०२० रोजी. तोपर्यंत निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असाच सल्ला होता. दुकानात येणाऱ्या ग्राहकाला मास्क बंधनकारक करणाऱ्या सुरुवातीच्या राज्यांपैकी न्यू जर्सी एक. तो आदेश एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला. न्यूयॉर्क राज्याचा नियम १७ एप्रिलला लागू झाला. बरीच राज्यं तर जून-जुलैपर्यंत थांबली. आणि दुकानांतली वर्दळ कोसळली कधी? मार्चमध्ये. गिऱ्हाईक दारातून गेलं तेव्हा तिथे मास्कचा नियम जन्मालाही आला नव्हता.

मग ते का गेलं? शिकागो विद्यापीठाच्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्येच यावर काम केलं. साडेबावीस लाख व्यवसायांमध्ये किती लोक येतात-जातात, याची मोबाइल फोनवरून मिळालेली माहिती त्यांनी वापरली. युक्ती साधी आणि चोख होती: एकाच शहरी परिसरातले, पण प्रशासकीय सीमेच्या दोन बाजूंना असलेले व्यवसाय शोधायचे. एका बाजूला निर्बंध आहेत, दुसऱ्या बाजूला नाहीत. रोग, हवामान, माणसं जवळपास सारखीच. वर्दळ एकूण ६० टक्के बिंदूंनी घटली होती. त्यातल्या फक्त ७ बिंदूंचं कारण सरकारी निर्बंध होते. बाकीचे लोक आपण होऊन घरी थांबले होते. शिवाय लोक मोठ्या, गजबजलेल्या दुकानांकडून लहान, कमी गर्दीच्या दुकानांकडे वळले होते. हे वळण भीतीचं आहे. माणूस गर्दी टाळत होता.

हा अभ्यास टाळेबंदीचा आहे, मास्कचा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण संपूर्ण टाळेबंदीचा वाटा जिथे इतका छोटा निघाला, तिथे तोंडावरच्या कापडाने त्याहून मोठं नुकसान केलं असं म्हणणाऱ्याने काहीतरी पुरावा द्यायला हवा. फिरणाऱ्या दाव्यात तो कधीच दिसत नाही.

स्वीडन आणि डेन्मार्कची जोडीही पाहण्यासारखी आहे. २०२०च्या वसंतात डेन्मार्कने बरंच काही बंद केलं, स्वीडनने अगदी थोडं. दोन्ही देशांत शाखा असलेल्या एका मोठ्या बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार संशोधकांनी तपासले. स्वीडनमध्ये खर्च सुमारे २५ टक्क्यांनी घटला होता, डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी. त्या वेळी दोन्हीकडे दुकानात मास्कची सक्ती नव्हती. डेन्मार्कमध्ये ती ऑक्टोबरच्या अखेरीस आली. मास्क नाही, एका देशात तर फारशी बंदीही नाही, तरी खर्चाचा चौथा हिस्सा नाहीसा झाला.

मास्कची सक्ती लागू झाल्यावर प्रत्यक्षात काय झालं, हा प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने थेट विचारला. त्यांचा निबंध २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. स्मार्टफोन दिवसाचा किती वेळ घरी असतो आणि कुठल्या ठिकाणी जातो, याच्या नोंदी त्यांनी सक्तीआधी आणि सक्तीनंतर पाहिल्या. सक्ती आल्यावर लोक दिवसाला सरासरी ११ ते २४ मिनिटं कमी घरी राहू लागले. काही प्रकारच्या व्यावसायिक ठिकाणी त्यांच्या फेऱ्या वाढल्या, आणि सगळ्यात ठळक वाढ दिसली ती रेस्टॉरंटमध्ये. दाव्यात सांगितलंय त्याच्या बरोबर उलट.

इथे आनंदाने टाळ्या वाजवून थांबता येत नाही. या निष्कर्षात एक काटा आहे आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

ऑनलाइन खरेदीचा मुद्दा लवकर संपतो. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या आकड्यांत किरकोळ विक्रीतला ऑनलाइन हिस्सा २०२०च्या पहिल्या तिमाहीत सुमारे १२ टक्के होता. एप्रिल ते जूनमध्ये तो एकदम १६ टक्क्यांच्या आसपास गेला. ही उडी त्या तिमाहीतली आहे, जेव्हा अनेक दुकानं बंद होती आणि बऱ्याच राज्यांत मास्कचा नियम अजून यायचा होता. बंद दाराला कंटाळून लोक पडद्याकडे वळले. पुढे त्यातले काही तिथेच राहिले, हे खरं. पण त्यांना तिथे मास्कने ढकललं नव्हतं.

व्यापारी विरोधात होते, या पुरवणीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. काउंटरवर उभं राहून शिव्या खाल्लेल्या माणसांच्या नावावर ती खपवली जाते. काही दुकानदार विरोधात होतेच. पण जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने राज्यपालांच्या संघटनेला पत्र लिहून सगळीकडे मास्क सक्तीचा करा, अशी मागणी केली होती. कारण व्यवहारी होतं. एका गावात नियम आहे, शेजारच्या गावात नाही. आणि विनामास्क ग्राहकाला अडवायचं कुणी, तर दारातल्या कमी पगाराच्या नोकराने. ‘हा सरकारचा नियम आहे’ असं म्हणता आलं तर त्याच्यावरचं ओझं निम्मं होतं. ‘हा आमच्या दुकानाचा नियम आहे’ म्हटलं की भांडण त्याच्या अंगावर येतं. त्याच महिन्यात वॉलमार्टने २० जुलैपासून आपल्या सर्व अमेरिकी दुकानांत मास्क बंधनकारक केला. पाच हजारांहून जास्त दुकानं, आणि त्यांपैकी सुमारे ६५ टक्के दुकानांच्या भागात सरकारी नियम आधीपासूनच होता, असं कंपनीने सांगितलं. बेस्ट बाय आणि टार्गेट या तिथल्या मोठ्या साखळी दुकानांनीही त्याच सुमारास तसेच नियम जाहीर केले. आपल्या गल्ल्याचा हिशेब रोज पाहणाऱ्या इतक्या मोठ्या कंपन्यांना ग्राहक पळून जाईल अशी भीती असती, तर उरलेल्या ३५ टक्के दुकानांत कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी हा नियम लावला नसता.

जर्मनीतही क्रम असाच आहे. एप्रिल २०२०च्या उत्तरार्धात लहान दुकानं उघडायला सुरुवात झाली आणि महिना संपायच्या आत सर्व राज्यांत दुकानात नि सार्वजनिक वाहनांत मास्क सक्तीचा झाला. मास्क दुकानं उघडताना सोबत आला, बंद होताना नाही.

आता चेहऱ्याचा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. मास्कमुळे समोरच्याच्या भावना ओळखायला जड जातं, हे बांबेर्ग विद्यापीठातल्या प्रयोगात २०२० मध्येच दिसलं. ओठांवरून बोलणं समजून घेणाऱ्यांना, कमी ऐकू येणाऱ्यांना दुकानातली साधी चौकशीसुद्धा कठीण झाली होती. काचेआडून, मास्कआडून आलेला आवाज, मागे रांग, आणि ‘काय म्हणालात?’ तिसऱ्यांदा विचारायची लाज. कुणी त्या दिवसांत दुकानात जाणं टाळलं असेल तर ते या माणसांनी, आणि त्यांची अडचण खरी होती. इंग्लंडच्या नियमात यासाठी सूट होती: ओठ वाचून समजून घेणाऱ्याशी बोलताना मास्क काढता येत असे. पण ही सूट किती दुकानदारांना आणि किती ग्राहकांना माहीत होती? नियम राबवणारे इथे कमी पडले, असं माझं मत आहे. मात्र मूठभरांच्या या खऱ्या अडचणीवरून सगळ्यांच्या खरेदीचा निष्कर्ष काढता येत नाही. लोक काय विकत घेतात ते बदललं, हेही खरं आहे. ओठांच्या रंगाची मागणी घसरली, डोळ्यांच्या प्रसाधनांनी त्या मानाने तग धरला. म्हणजे दुकानात येणारा माणूस तोच होता, फक्त दुसऱ्या कप्प्यापाशी उभा होता.

राहिली हॉटेलं. वर ज्या काट्याचा उल्लेख केला तो इथे आहे.

दावा म्हणतो, मास्कमुळे लोकांनी बाहेर जेवणं सोडलं. इंग्लंडमध्ये दुकानात मास्क सक्तीचा झाला २४ जुलै २०२०ला. लगेच पुढच्या महिन्यात सरकारने सोमवार ते बुधवार बाहेर जेवणाऱ्यांना निम्म्या बिलाची सवलत दिली आणि एका महिन्यात दहा कोटींहून जास्त जेवणं त्या सवलतीत झाली. सवलत होती म्हणून लोक गेले, हे उघड आहे. पण सवलत मिळताच इतक्या संख्येने जाणारे लोक मास्कच्या नियमाने घाबरून घरी बसले होते, असं म्हणता येत नाही. वॉरविक विद्यापीठाचे थिएमो फेट्झर यांनी नंतर हिशेब मांडला: त्या काळात नव्याने सापडलेल्या संसर्गपुंजांपैकी, म्हणजे एकाच ठिकाणी सापडलेल्या रुग्णांच्या गटांपैकी, ८ ते १७ टक्के या योजनेकडे जातात.

रेस्टॉरंटमध्ये मास्क काढावाच लागतो. तोंड उघडल्याशिवाय जेवता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सीडीसीने ३१४ लोकांची तुलना छापली: लक्षणं असून चाचणी पॉझिटिव्ह आलेले एका बाजूला, निगेटिव्ह आलेले दुसऱ्या बाजूला. पॉझिटिव्ह आलेल्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत रेस्टॉरंटमध्ये जेवल्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. खरेदीला जाण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. याच अभ्यासातला एक आकडा तेव्हा उलटा करून जगभर फिरवला गेला: ८५ टक्के रुग्ण मास्क लावत होते, म्हणजे मास्क निकामी. त्या ८५ टक्क्यांत ‘नेहमी’ आणि ‘बऱ्याचदा’ अशी दोन्ही उत्तरं एकत्र केलेली होती. नेहमी मास्क लावणारे पॉझिटिव्ह गटात ७१ टक्के होते आणि निगेटिव्ह गटात ७४ टक्के. दोन्हीकडची माणसं मास्कच्या बाबतीत जवळपास सारखी वागत होती. फरक पडला तो मास्क उतरवून बसण्याच्या जागेने.

मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमधलं एक सलून आठवतं. मे २०२० मध्ये दोन केशकर्तनकारांना कोविड होता आणि लक्षणं असूनही त्यांनी १३९ ग्राहकांचे केस कापले. दोघांनी मास्क लावला होता, शहराच्या नियमाप्रमाणे ग्राहकांनीही. एकाही ग्राहकात लक्षणं दिसली नाहीत. ६७ जणांनी चाचणी करून घेतली, सगळ्यांची निगेटिव्ह. याच्या शेजारी ठेवा जानेवारी २०२० मधलं ग्वांगझूचं ते रेस्टॉरंट. खिडक्या नसलेला मजला, एअर कंडिशनरचा झोत, शेजारशेजारची तीन टेबलं, आणि एका जेवणानंतर तीन कुटुंबांतले दहा जण बाधित. केस कापणारा ग्राहकाच्या हातभर अंतरावर उभा असतो. त्या टेबलांमध्ये अंतर त्याहून जास्त होतं.

म्हणून मास्कच्या नियमाने माणसाला धीर दिला आणि तो धीर घेऊन माणूस रेस्टॉरंटमध्ये गेला, ही मला काळजीची गोष्ट वाटते. दावा करणाऱ्यांना इथे टीकेला खरी जागा होती, पण त्यांनी ती दुसरीकडेच खर्च केली. इंग्लंडमध्ये २४ सप्टेंबरपासून रेस्टॉरंटमध्येही मास्कचा नियम आला, तो असा: दारापासून टेबलापर्यंत लावायचा, बसल्यावर काढायचा. उभं असण्याची दोन मिनिटं झाकलेली, बसण्याचा तासभर उघडा. मार्च २०२१ मध्ये सीडीसीने अमेरिकेतल्या जिल्ह्यांचे २०२०चे आकडे मांडले. मास्कसक्तीनंतर रुग्णवाढीचा दर पहिल्या वीस दिवसांतच उतरू लागलेला दिसतो. रेस्टॉरंटमध्येच, आत किंवा बाहेर, बसून जेवायची परवानगी दिल्यावर पहिले चाळीस दिवस काहीच लक्षणीय दिसत नाही, आणि मग वाढ सुरू होते. त्या चाळीस दिवसांत वेटर तोंड झाकून उघड्या तोंडांमध्ये रोज आठ-आठ तास वावरत होते.