नवे घ्या म्हणण्याआधी झाकण तरी उघडा!

माझ्या डायव्ह वॉचमध्ये, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या मनगटी घड्याळात, समुद्राचे पाणी शिरले त्याला आज सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत "दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवे घ्या" हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या काउंटरवर ऐकावे लागले, आणि हे ऐकवणाऱ्या तिघांपैकी एकानेही माझ्यासमोर घड्याळाचे मागचे झाकण उघडण्याची तसदी घेतली नाही, याचा मला मनस्वी संताप आला आहे. घड्याळ दुरुस्त करायचे की बदलायचे हा निर्णय माझा आहे, त्याचे पैसे मी देणार आहे. मग तो घेण्यासाठी लागणारी माहिती मला द्यायला या लोकांना इतकी जिवावर का येते?

हे घड्याळ मी आठ महिन्यांपूर्वी सर्व्हिसला दिले होते आणि पावतीवर "संपूर्ण सर्व्हिस" असे स्पष्ट लिहून मिळाले होते. त्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वी चावी, म्हणजे वेळ लावायची कडेची गुंडी, स्क्रू करून पूर्ण बसली आहे याची मी खात्री केली होती. ती माझी अनेक वर्षांची सवय आहे. बाहेर आल्यावर दहाएक मिनिटांत काचेच्या आतून, तीनच्या आकड्याशेजारी, नखाएवढा पांढुरका ढग दिसला. काचेवर अंगठा टेकवला की त्या उबेने तो तिथून नाहीसा व्हायचा आणि जरा बाजूला पुन्हा धरायचा. संध्याकाळपर्यंत तबकडीच्या कडेला एक थेंब जमला होता आणि मनगट कलते केले की तो सहाच्या आकड्याकडे ओघळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घड्याळ घेऊन सर्व्हिस केलेल्या दुकानात पोहोचलो. तेव्हा ते अजून चालू होते.

तिथे पहिले वाक्य काय ऐकायला मिळाले? "चावी उघडी राहिली असेल." ना भिंग, ना झाकण उघडण्याचे अवजार, ना एखादा प्रश्न. दोष ग्राहकाचा, हे आधीच ठरलेले. वर सल्ला असा की चालू आहे तोवर वापरा, धुके आपोआप जाईल, आणि बंद पडले तर नवे घ्या. खाऱ्या पाण्याने ओले झालेले यंत्र "वापरा" असे सांगणारा माणूस घड्याळांचे दुकान चालवतो, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. पाणी सुकते, पण मीठ आतच राहते. पोलादी स्क्रू, चावीचा दांडा, घड्याळाची गती सांभाळणारी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग या सगळ्यांवर एक-दोन दिवसांत गंज धरू लागतो. त्या वेळी करायची गोष्ट एकच असते: ताबडतोब उघडणे, मशीन बाहेर काढणे, मीठ धुऊन काढणे आणि ते कोरडे करणे. तिसऱ्या दिवशी सकाळी सेकंदकाटा थांबला.

दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये, तर कहर झाला. पाणी शिरल्याचे मी अर्जावर ठळक अक्षरांत लिहिले होते, तरीही घड्याळ सीलबंद पिशवीत घालून रांगेत ठेवले गेले आणि तिथे ते एकोणीस दिवस न उघडता पडून राहिले. एकोणीस दिवस! रोज फोन करून मी एकच विनंती करत होतो की अंदाजपत्रक नंतर द्या, आधी फक्त झाकण उघडा. उत्तर ठरलेले होते: अंदाजपत्रक मंजूर झाल्याशिवाय उघडता येत नाही, आणि क्रम आल्याशिवाय अंदाजपत्रक तयार होत नाही. अखेर जो कागद आला त्यात मशीन, तबकडी, काटे, चावी, काच असे सगळेच बदलायचे होते, बेरीज नव्या घड्याळाच्या जवळपास होती, आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की दुरुस्तीनंतर पाण्यापासून संरक्षणाची हमी दिली जाणार नाही. जे घड्याळ पाण्यात नेण्यासाठीच बनले आहे, त्याची जवळपास पूर्ण किंमत घ्यायची आणि पाण्याची हमी मात्र नाकारायची, याला दुरुस्ती म्हणायचे तरी कसे? तिसऱ्या काउंटरवर घड्याळ हातात घेण्यापूर्वीच नव्या मॉडेलचे माहितीपत्रक पुढे सरकवण्यात आले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मुळात पाणी अडवते ते काही जाडजूड पोलाद नव्हे. पाणी अडवतात त्या तीन-चार रबरी रिंगा: एक मागच्या झाकणाखाली, चावीत आणि तिच्या नळीत एखाद-दोन, आणि बहुतेक घड्याळांत काचेभोवती एक गॅस्केट. हे रबर वर्षांगणिक कडक होते, दाबाखाली चपटे होते आणि पुन्हा फुगत नाही. घाम, साबण आणि गरम पाणी यांनी त्याचे आयुष्य आणखी घटते. म्हणूनच झाकण उघडले की रिंग नवी घालायची, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा आणि बंद केल्यावर दाबाची चाचणी करायची, हा या कामातला अगदी प्राथमिक नियम आहे. तबकडीवरचे "२०० मीटर" हे शब्द नव्या घड्याळाबद्दल असतात. रिंग निकामी झाली की एक मीटर पाणीसुद्धा पुरते. डायव्ह वॉचसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकात नोंदवलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबाची चाचणी सांगितली आहे, म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरचा दाब. त्याच मानकातली धुक्याची चाचणी तर इतकी साधी आहे की घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसला तापलेल्या पट्टीवर ठेवायचे, मग काचेवर थंड पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आत धुके धरते का ते पाहायचे. "संपूर्ण सर्व्हिस"चे पैसे घेणाऱ्यांना एवढेही करता येऊ नये?

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, हेही सांगितले पाहिजे. पाण्याखाली किती मिनिटे झाली हे बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या आकडेवाल्या कड्यावर, पाहणारे डायव्हर आजही आहेत, निदान खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर बंद पडला तर आधार म्हणून. धक्का लागला तर उरलेला वेळ कमीच दिसावा, जास्त दिसू नये, यासाठी ते बेझल एकाच दिशेने फिरते. इतक्या विचाराने बनवलेल्या वस्तूत जुनीच रिंग परत दाबून बसवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

गेल्या आठवड्यात एका वयस्कर घड्याळजींकडे गेलो. त्यांनी काहीही न बोलता डोळ्याला भिंग लावले, माझ्यासमोर झाकण उघडले आणि पाच मिनिटांत मला सहा आठवड्यांत न मिळालेले उत्तर दिले. रिंग चिमट्याने उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती चपटी, चकचकीत, नखाने दाबली तर दबत नव्हती, आणि एका जागी झाकणाच्या आट्यांत सापडून अर्धी कापली गेली होती. ही रिंग बरीच वर्षे जुनी आहे, असे ते म्हणाले. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी ती बदललीच नव्हती. चावीच्या दांड्यावर तांबूस गंजाची साल होती, हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि तबकडीचा रंग सहाच्या आकड्याजवळ फुगला होता.

"मशीनचे दुःख करू नका," असे सांगून त्यांनी जे समजावले तेच खरे तर पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते. माझ्या घड्याळात सेइको कंपनीचे एनएच ३५ हे मशीन आहे. असे सर्रास मिळणारे मशीन अख्खे बदलता येते, आणि ते पुष्कळदा गंजलेले मशीन सुटे करून साफ करण्यापेक्षा स्वस्तात पडते. तबकडीवरचे डाग चालवून घ्यायचे की नाही हे मालकाने ठरवावे. निर्णय अडतो तो केसवर, म्हणजे घड्याळाच्या पोलादी कवचावर. रिंग ज्या खाचेत बसते ती गुळगुळीत असेल तर दुरुस्ती करावी. खाचेत खड्डे पडले असतील तर कितीही नवी रिंग घातली तरी पाणी वाट काढणार. स्टेनलेस स्टीलसुद्धा फटीत साचून राहिलेल्या खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. खाचेत, चावीच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढे दोन काळे खड्डे होते.

पहिल्या दोन दिवसांत घड्याळ उघडले असते तर धुणे, तेल देणे आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागले असते, असे त्यांचे म्हणणे. आता ते खड्डे लेसर वेल्डिंगने भरून खाच पुन्हा घासून घ्यावी लागेल, आणि तरीही खोल पाण्यासाठी आपण शब्द देणार नाही, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. ही हमी त्यांनीही नाकारली, पण कारण डोळ्यांनी दाखवून नाकारली. त्यामुळे त्यांचा मला राग आला नाही.

तेव्हा पाण्यासाठी मी नवे घड्याळ घेणार आहे, आणि ते मनाविरुद्ध घेणार आहे. जुन्यात फक्त मशीन बदलून ते कोरड्या जागी वापरीन. ती अर्धी कापलेली रिंग घड्याळजींनी छोट्या पिशवीत घालून दिली आहे. उद्या ती त्या पहिल्या दुकानाच्या काउंटरवर, "संपूर्ण सर्व्हिस" लिहिलेल्या पावतीशेजारी ठेवणार आहे, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या दाबाच्या चाचणीची नोंद दाखवा असे लेखी मागणार आहे.