गोगलगाय, पोटात पाय अन् आमचा सांभार

पावसाळा लागला की रात्री अकरा वाजता आपली गोगलगायी वेचायची ड्युटी सुरू. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताला पन्नी गुंडाळलेली (उघड्या हातानं धरायच्या नसतात, अंगात जंतू असतात) अन् पायाशी बादली. नागपुरातल्या आमच्या मनीषनगरातले लोक मला पाहून, कुत्रा दिसल्यासारखा रस्ता बदलतात.

गोगलगायी साध्यासुध्या नाहीत, मुठीएवढ्या, आफ्रिकेतल्या. नाव लिसाकॅटिना, आधी अकॅटिना म्हणत. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या साहेबानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडल्या, अन् भोगून राहिलो आपण. कुंडीतला सांभार (म्हणजे कोथिंबीर) तीन रात्रीत साफ, धोप्याच्या (अळूच्या) पानांची चाळणी. जिभेवर हजारो बारीक दात असतात म्हणे, कानशीसारखी घासतच सुटते. त्यात मे महिन्यात कंपाउंडला चुना मारायची अक्कल मलाच सुचली होती. शंखाला कॅल्शियम लागतं ना, तर भिंतच चाटतात! नागपुरात चुना खाणारे काय कमी होते बाप्पा? ते निदान तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात तरी घालून खातात.

आई कुणालाही 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणायची, मला वाटे नुसती म्हण आहे. टॉर्च मारून पाहिलं तर खरंच, पोट म्हणजेच पाय! उजव्या बाजूला शंखाच्या कडेशी एक भोक उघडझाप करतं, श्वास तिथूनच आणि शी करायची वाटही तिथंच, आमच्या वन बीएचकेतही एवढी अडचण नाही. डोळे वरच्या शिंगांच्या टोकाला, जरा बोट लावलं की डोळाच आत. (मार्कशीट मागितली की आमचा पोट्टाही असाच आत जातो.) नर-मादी एकाच अंगात, एका खेपेला शंभरावर अंडी. उन्हाळ्यात शंखाचं तोंड पडद्यानं बंद करून झोपून जाते, आपण कूलरसमोर करतो तेच, फक्त तिला लाईटबिल येत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मीठ टाक ना रे, काहून एवढा जीव काढतोस?" टाकलं एकीवर. तो फेस अन् ते भोक पाहिलं, मग दुसऱ्यांदा हात धजला नाही. म्हणून बादली भरायची अन् मागच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन ओतायची. पण रोज तेवढ्याच सापडतात, मला डाऊट आला. एकीच्या शंखावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला अन् सोडून आलो.

तिसऱ्या रात्री लाल ठिपका आमच्याच कंपाउंडवर, चुना चाटून राहिला होता. मी ओरडून बायकोला बोलावलं, तिनं वाकून नीट पाहिलं.

"अहो, ही माझी दीडशेवाली शेड आहे ना?"